विमानाचं एकुलतं एक इंजिन हवेतच बंद पडलं तर? मोलोकाईच्या अपघाताने काय शिकवलं?

११ डिसेंबर २०१३. अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या मोलोकाई बेटावरून एक छोटं प्रवासी विमान होनोलुलूला निघालं. विमानात एक पायलट आणि आठ प्रवासी होते. उड्डाणानंतर लगेच मोठा आवाज झाला आणि विमानाचं एकुलतं एक इंजिन बंद पडलं. पायलटने विमान समुद्रावर उतरवलं. विमान पाण्यावर काही वेळ तरंगत राहिलं आणि नऊही जण दारातून बाहेर पडले.

तरीही त्यातली एक व्यक्ती घरी परतली नाही.

इंजिन बंद पडल्यावर विमान खाली कसं येतं, पायलटच्या हातात काय उरतं, दोन इंजिनं असती तर फरक पडला असता का आणि विमान नीट उतरूनही एक जीव का गेला? समजून घेऊया.

नेमकं काय घडलं होतं?

हे विमान होतं सेसना २०८ बी ग्रँड कॅरव्हॅन. पंख छताच्या वर, चाकं कायम बाहेर आणि नाकावर एकच टर्बोप्रॉप इंजिन, अशी याची रचना. छोट्या धावपट्टीवरून उडू शकत असल्याने जगभरात डोंगराळ भागांत, बेटांवर आणि मालवाहतुकीसाठी ते वापरलं जातं.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास विमानाने कालाउपापा विमानतळावरून उड्डाण केलं. ते समुद्रावर ४०० ते ५०० फूट उंचीवर असतानाच इंजिनातून धडाम असा आवाज आला आणि इंजिनाची सगळी ताकद गेली. पायलटने विमान जमिनीकडे वळवण्याचा प्रयत्न केला. पण तिथपर्यंत पोहोचता येणार नाही हे लक्षात आल्यावर त्याने समुद्रावरच विमान उतरवायचा निर्णय घेतला.

विमानातल्या एका प्रवाशाच्या कॅमेऱ्यात हे सगळं चित्रित झालं. पुढे हा व्हिडिओ जगभर पाहिला गेला.

एक प्रवासी पोहत किनाऱ्यावर पोहोचला. बाकीच्यांना बचाव पथकांनी पाण्यातून वर काढलं, तोपर्यंत साधारण ८० मिनिटं उलटली होती. पायलट आणि दोन प्रवासी गंभीर जखमी होते. एका प्रवाशाचा मात्र मदत पोहोचण्याआधीच मृत्यू झाला होता.

कालाउपापाला विमानानेच का जावं लागतं?

मोलोकाईच्या उत्तर टोकाला समुद्रात घुसलेला जमिनीचा एक सपाट तुकडा म्हणजे कालाउपापा. मागे जगातल्या सगळ्यात उंच समुद्रकड्यांपैकी काही कडे आणि बाकी तिन्ही बाजूंना पाणी. बेटाच्या इतर भागातून इथे यायला मोटाररस्ता नाही.

ही जागा इतकी एकाकी आहे म्हणूनच १८६६ पासून कुष्ठरुग्णांना सक्तीने इथे आणून ठेवलं जात होतं. १८७३ मध्ये आलेले फादर डेमियन यांनी इथे रुग्णांची सेवा केली आणि याच आजाराने १८८९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा १९६९ मध्ये रद्द झाला, पण काही रुग्णांनी इथेच राहणं पसंत केलं. त्यांची जबाबदारी हवाईच्या आरोग्य विभागाकडे आहे.

त्या दिवशी विमानात असलेल्या लॉरेटा फड्डी याच आरोग्य विभागाच्या संचालक होत्या. कालाउपापातलं काम आटोपून त्या होनोलुलूला परतत होत्या. मृत्यू त्यांचाच झाला. त्या ६५ वर्षांच्या होत्या.

कालाउपापाची धावपट्टी जेमतेम २,७०० फुटांची, म्हणजे सुमारे ८२० मीटर. मोठं जेट इथे उतरू शकत नाही. त्यामुळे इथे पोहोचायचं तर कॅरव्हॅनसारखी छोटी विमानंच कामी येतात.

इंजिन बंद पडलं की विमान लगेच कोसळतं का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

विमानाला हवेत धरून ठेवण्याचं काम पंख करतात, इंजिन नाही. इंजिनाचं काम विमानाला पुढे ढकलण्याचं. पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहत राहिली, की वर उचलणारं बल मिळत राहतं. इंजिन बंद पडल्यावर हा वेग टिकवण्यासाठी पायलट विमानाचं नाक थोडं खाली करतो आणि उंची खर्च करून वेग कमावतो. घाटातून उतरताना पेडल न मारता सायकल पळत राहते, तसाच हा प्रकार. यालाच ग्लाइड करणं म्हणतात.

किती उंची गमावल्यावर विमान किती पुढे जातं, याला ग्लाइड रेशो म्हणतात. छोट्या विमानांसाठी तो ढोबळमानाने १० धरला, तर विमान १ किलोमीटर खाली येताना १० किलोमीटर पुढे जाऊ शकतं. मोठ्या जेट विमानांचा ग्लाइड रेशो यापेक्षाही चांगला असतो.

म्हणजे ३,००० मीटर उंचीवर इंजिन बंद पडलं, तर पायलटला साधारण ३० किलोमीटरच्या परिघात जागा शोधता येते आणि हाताशी काही मिनिटंही असतात. मोलोकाईच्या विमानाकडे उंची होती जास्तीत जास्त ५०० फूट, म्हणजे सुमारे १५० मीटर. त्यातून मिळणारं अंतर दीड किलोमीटर, तेही सरळ रेषेत आणि सगळं अचूक जमलं तर. वेळ एक मिनिटाहूनही कमी.

मग विमान परत का फिरवता आलं नाही?

वळण फुकट मिळत नाही. विमान वळवण्यासाठी ते एका बाजूला कलवावं लागतं. कललेल्या विमानात पंखांचं वर उचलणारं बल काही प्रमाणात बाजूला खर्च होतं आणि विमान जास्त वेगाने खाली येऊ लागतं. त्यात सुरुवातीचे काही सेकंद काय झालंय हे समजण्यातच जातात.

शिवाय एक मोठा धोका असतो. जमीन थोडी दूर राहतेय असं दिसलं, की नाक वर ओढून विमान आणखी पुढे न्यावं असा मोह होतो. पण नाक वर गेलं की वेग कमी होतो. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की पंखांवरची हवा विस्कळीत होते आणि विमान आधार सुटल्यासारखं खाली येतं. याला स्टॉल म्हणतात. कमी उंचीवर स्टॉल झालेलं विमान सावरायला जागाच नसते.

म्हणूनच उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं तर धावपट्टीकडे परत फिरू नये, समोर जी बरी जागा दिसेल तिथे विमान ताब्यात ठेवून उतरवावं, असं प्रशिक्षणात सांगितलं जातं. नियंत्रणात असलेलं विमान शेतात किंवा पाण्यात उतरलं, तर माणसं वाचण्याची शक्यता बरीच असते. स्टॉल होऊन कोसळलेल्या विमानात ती फार थोडी उरते.

यात विमानाच्या रचनेचाही वाटा आहे. एका इंजिनाच्या छोट्या विमानाचा स्टॉलचा वेग ६१ नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे ११३ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असा अमेरिकेत अनेक दशकं नियम होता. कारण सरळ आहे. इंजिन बंद पडलं तर विमान कुठेतरी उतरणारच, मग ते जितक्या कमी वेगात उतरेल तितकं बरं. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते.

एका इंजिनाच्या विमानाला समुद्रावरून उडायची परवानगी कशी मिळते?

अमेरिकेच्या नियमांनुसार, प्रवासी घेऊन जाणारं एका इंजिनाचं विमान पाण्यावरून इतक्या उंचीवर उडायला हवं, की इंजिन बंद पडलं तरी ते ग्लाइड करत जमिनीपर्यंत पोहोचेल.

मोलोकाई आणि ओआहू या बेटांमधली सामुद्रधुनी साधारण ४२ किलोमीटर रुंद आहे. तिच्या बरोबर मध्यावर विमान असेल, तर दोन्ही किनारे २१ किलोमीटरवर. ग्लाइड रेशो १० धरला तर विमान किमान २,१०० मीटर, म्हणजे सुमारे ७,००० फूट उंचीवर असायला हवं. मध्येच इंजिन बंद पडलं तरी जमीन गाठता येईल, असं हे गणित.

पण याच नियमात एक अपवाद आहे. टेकऑफ आणि लँडिंगसाठी गरजेचं असेल, तर विमान पाण्यावर कमी उंचीवर असू शकतं. हा अपवाद नसेल तर किनाऱ्यालगतच्या धावपट्टीवरून उडताच येणार नाही. मोलोकाईच्या विमानाचं इंजिन नेमकं याच अपवादाच्या काळात बंद पडलं.

दोन इंजिनं असती तर?

कदाचित विमान परत येऊ शकलं असतं. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर उडत राहता यावं, हाच दोन इंजिनांचा उद्देश असतो. पण दोन इंजिनं म्हणजे शंभर टक्के सुरक्षा नव्हे.

पहिली अडचण म्हणजे विमानाचा तोल. एका बाजूचं इंजिन बंद पडलं की दुसऱ्या बाजूची ताकद विमानाला वळवू पाहते. कमी वेगात आणि कमी उंचीवर हे सांभाळणं कठीण असतं.

दुसरी अडचण, काही कारणं दोन्ही इंजिनं एकदमच बंद पाडतात. त्यातलं मुख्य कारण म्हणजे इंधन. ६ ऑगस्ट २००५ रोजी इटलीतल्या पालेर्मोजवळ दोन इंजिनांचं एटीआर ७२ विमान समुद्रावर उतरवावं लागलं. त्यात एटीआर ४२ या लहान विमानासाठीचा इंधनमापक बसवलेला होता. टाकीत इंधन संपत आलं होतं, पण मापक पुरेसं इंधन असल्याचं दाखवत होता. दोन्ही इंजिनं बंद पडली. ३९ पैकी १६ जणांचा जीव गेला.

भारतातही असा प्रसंग घडला आहे. २४ मे २०१६ रोजी पाटण्याहून रुग्णाला घेऊन दिल्लीकडे येणाऱ्या एअर ॲम्ब्युलन्सची दोन्ही इंजिनं बंद पडली. दोन इंजिनांचं हे किंग एअर सी ९० विमान पायलटने दिल्लीतल्या नजफगढजवळ शेतात उतरवलं. विमानाचं मोठं नुकसान झालं, पण रुग्णासह सातही जण वाचले.

मोलोकाईच्या विमानाचं इंजिन का बंद पडलं?

अमेरिकेतल्या वाहतूक अपघातांची चौकशी करणारी संस्था म्हणजे नॅशनल ट्रान्स्पोर्टेशन सेफ्टी बोर्ड, म्हणजेच एनटीएसबी. समुद्रातून बाहेर काढलेल्या इंजिनाची तपासणी या संस्थेने केली.

टर्बोप्रॉप इंजिनात आत घेतलेली हवा दाबली जाते, त्यात इंधन जाळलं जातं आणि तयार झालेले तप्त वायू टर्बाइनच्या चक्राला फिरवतात. या चक्रावर लहान लहान पाती असतात. प्रचंड उष्णता आणि प्रचंड वेग, दोन्ही सहन करणारा हा इंजिनातला सगळ्यात नाजूक भाग. यातलं एक पातं तुटलं तर ते पुढच्या पात्यांवर आदळतं आणि काही क्षणांत सगळं चक्र निकामी होतं.

मोलोकाईत हेच झालं. कंप्रेसर टर्बाइनच्या चक्रावरची अनेक पाती तुटलेली आढळली. पण तुटल्यानंतरच्या उष्णतेने पाती इतकी खराब झाली होती, की मुळात ती कशामुळे तुटली हे एनटीएसबीला ठरवता आलं नाही.

हे कारण समोर येण्याआधीच इंटरनेटवर वेगळ्याच चर्चा सुरू झाल्या होत्या. त्याचं कारण होतं फड्डी यांचं नाव. बराक ओबामा यांचा जन्म हवाईत झालाच नाही, असा अपप्रचार सुरू असताना, एप्रिल २०११ मध्ये ओबामांच्या मूळ जन्मदाखल्याच्या प्रती देण्याला फड्डी यांनीच मंजुरी दिली होती. त्यामुळे अपघातानंतर घातपाताच्या अफवा पसरल्या. चौकशीत समोर आलं ते तुटलेल्या पात्यांचं चक्र.

विमान नीट उतरलं, मग मृत्यू कशामुळे झाला?

या अपघाताचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

शवविच्छेदनात फड्डी यांच्या शरीरावर जीवघेणी म्हणावी अशी कोणतीही जखम आढळली नाही. अतिजलद श्वसनामुळे हृदयाची लय अचानक बिघडणं, असं मृत्यूचं कारण नोंदवण्यात आलं. म्हणजे विमान पाण्यावर आदळल्यामुळे हा मृत्यू झाला नव्हता. तो नंतर, मदतीची वाट पाहत पाण्यात असताना झाला.

एनटीएसबीच्या अहवालात आणखी एक नोंद आहे. फड्डी यांच्या अंगावरचं लाइफ जॅकेट लहान बाळांसाठीचं होतं आणि ते अर्धवटच फुगलेलं होतं. आणखी एका प्रवाशानेही चुकून बाळांचंच जॅकेट घातलं होतं. ते लहान आणि घट्ट वाटत होतं, पण त्याचं काम भागलं.

असं का झालं? कारण उड्डाणाआधी प्रवाशांना सुरक्षेच्या सूचना देण्यात आल्या नव्हत्या. छोट्या विमानात एअर होस्टेस नसते. त्यामुळे सीटबेल्ट, दार उघडायची पद्धत, लाइफ जॅकेट कुठे आहे आणि कसं घालायचं, विमान पाण्यावर उतरलं तर काय करायचं, हे सांगण्याची जबाबदारी नियमानुसार पायलटची असते. या सूचना मिळाल्या असत्या तर प्रवाशांना कदाचित योग्य मापाची जॅकेट शोधून वापरता आली असती, असं एनटीएसबीने म्हटलं आहे.

योग्य जॅकेटने फड्डी नक्की वाचल्याच असत्या, असं अहवाल म्हणत नाही. पण खुल्या समुद्रात तासाहून जास्त वेळ डोकं पाण्यावर ठेवायचं असेल, तर मापाच्या जॅकेटने दमछाक आणि घबराट दोन्ही कमी होतात.

लाइफ जॅकेट आहे, पण ते कधी फुगवायचं?

विमानाबाहेर पडताना किंवा पडल्यावर. आत असताना कधीच नाही.

२३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं बोईंग ७६७ इंधन संपल्याने कोमोरोस बेटांजवळ समुद्रात कोसळलं. १७५ पैकी १२५ जणांचा मृत्यू झाला. आदळण्यातून वाचलेल्या काही प्रवाशांनी आतच जॅकेट फुगवली होती. पाणी भरू लागलं तसे ते तरंगत छताला टेकले आणि खालच्या दारापर्यंत त्यांना पोहोचता आलं नाही.

याच्या उलट चूकही होते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरलेल्या एअरबस ए ३२० मधले सर्व १५५ जण वाचले. पण बहुतेक प्रवासी लाइफ जॅकेट न घेताच बाहेर पडले होते. बचाव करणाऱ्या बोटी काही मिनिटांतच पोहोचल्या, म्हणून ते निभावलं. मोलोकाईजवळ अशा बोटी नव्हत्या.

छोट्या विमानात बसताना प्रवाशाने काय पाहावं?

- दार: आपल्याला सगळ्यात जवळचं दार कोणतं आणि त्याचं हँडल कोणत्या दिशेला फिरतं, हे आधीच पाहून ठेवा. आपल्या आणि दाराच्या मध्ये किती सीट आहेत ते मोजा. धूर किंवा पाणी असेल तर हातानेच अंदाज घ्यावा लागतो.

- लाइफ जॅकेट: विमान पाण्यावरून जाणार असेल तर जॅकेट सीटखाली आहे की दुसरीकडे, ते मोठ्यांचं आहे की बाळांचं, हे विचारून घ्या.

- सूचना: पायलटने सुरक्षेच्या सूचना दिल्या नाहीत, तर त्या मागा. तो आपला हक्क आहे.

- सीटबेल्ट: कमरेवर खाली आणि घट्ट बांधा. खांद्यावरचा पट्टा असेल तर तोही लावा. छोट्या विमानांच्या अपघातात डोकं आणि छाती वाचवण्यात या पट्ट्याचा मोठा वाटा असतो.

- सामान: विमान थांबल्यावर बॅग उचलू नका. दारात अडकलेली एक बॅग मागच्या सगळ्यांचा वेळ खाते.

भारतात उडान योजनेमुळे छोट्या शहरांना जोडणारी छोटी विमानं वाढत आहेत. कॅरव्हॅनसारखी एका इंजिनाची विमानंही प्रवासी वाहतुकीत आली आहेत. अशा विमानांचं इंजिन बंद पडणं ही रोजची गोष्ट नाही. पण तसं झालंच, तर विमान ताब्यात ठेवून खाली आणण्याची जबाबदारी पायलटची. त्यानंतर दार उघडणं, जॅकेट घालणं आणि बाहेर पडणं प्रवाशांना स्वतःलाच करावं लागतं, आणि ते शिकून घ्यायची वेळ उड्डाणाआधीची असते.